बजेट शून्य, शाळा बंद: अमेरिकेतल्या फार्मव्हिल गावात पाच वर्षं नेमकं काय झालं, सोप्या भाषेत

डिसेंबर २०२५ मध्ये वॉशिंग्टनला अमेरिकन संसदेच्या इमारतीत एका सोळा वर्षांच्या शाळकरी मुलीचा पुतळा बसवला, हातात एक फाटकं पुस्तक उंच धरलंय आणि ती भाषण करतेय. बार्बरा रोझ जॉन्स तिचं नाव. त्या इमारतीत प्रत्येक राज्याला दोनच पुतळे ठेवता येतात, आणि व्हर्जिनिया राज्याने तिचा पुतळा जनरल रॉबर्ट ई. ली यांच्या जागी दिला, म्हणजे गुलामगिरी टिकवू बघणाऱ्या दक्षिणेच्या फौजेचा सेनापती होता त्याच्या जागी. लीचा पुतळा २०२० मध्ये काढला होता.

आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर कोणीतरी तो फोटो टाकला आणि लगेच प्रश्न सुरू झाले. ही कोण, हिने काय केलं, आणि खाली बातमीत लिहिलंय की हिच्या गावातल्या शाळा नंतर पाच वर्षं बंद होत्या, ते कसं काय, सरकारी शाळा कोणी अशी बंद करू शकतं का? मी झेडपीच्या शाळेत शिकवते, त्यामुळे या तिसऱ्या प्रश्नाने मला सोडलंच नाही. बरंच वाचलं आणि जे समजलं ते इथे मांडतेय.

आधी मूळ गोष्ट: एका गावात दोन शाळा

फार्मव्हिल हे व्हर्जिनियातलं छोटं गाव, प्रिन्स एडवर्ड काउंटीचं मुख्य ठिकाण. काउंटी म्हणजे आपल्या तालुका-जिल्ह्याच्या मधलं काहीतरी समजा. तंबाखूची शेती, एक मेन स्ट्रीट, कोर्ट, चर्चेस, आणि लोकसंख्या चार-साडेचार हजार. सगळे सगळ्यांना ओळखतात असं गाव.

त्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत कायद्यानेच गोरे आणि कृष्णवर्णीय वेगळे ठेवले जायचे, याला सेग्रिगेशन म्हणतात, हा शब्द पुढे एकदोनदा येईल. शाळा वेगळ्या, प्यायच्या पाण्याचे नळ वेगळे, थिएटरमध्ये काळ्यांनी वर बाल्कनीत बसायचं, दुकानातून सामान घ्यायचं पण त्याच दुकानातल्या काउंटरवर बसून खायचं नाही. याला सुप्रीम कोर्टाने १८९६ मध्ये मान्यता दिली होती, म्हणे वेगळं असलं तरी चालेल, फक्त समान असलं पाहिजे.

आता समान म्हणजे किती समान ते बघा. काळ्या मुलांचं हायस्कूल होतं रॉबर्ट रुसा मोटन हायस्कूल, १९३९ साली बांधलेलं, १८० मुलांसाठी. १९५१ पर्यंत तिथे साडेचारशेच्या वर मुलं होती. जिम नाही, कॅन्टीन नाही, सायन्सची लॅब नाही. मुलं मावेनात म्हणून काउंटीने आवारात लाकडी सांगाड्यावर डांबरी कागद ठोकून शेड उभ्या केल्या आणि त्यात वर्ग भरवले. लोक त्यांना कोंबड्यांची खुराडी म्हणायचे. आत एक शेगडी, तिच्या जवळ बसलेलं मूल घामाघूम आणि लांबचं मूल कोट घालून कुडकुडतंय, पाऊस आला की छप्पर गळायचं तेव्हा काही मुलं वर्गात छत्री उघडून बसायची. गावातल्याच गोऱ्या मुलांच्या हायस्कूलला यातलं सगळं होतं, जिम, कॅन्टीन, लॅब.

गळक्या वर्गात शिकवणं काय असतं ते ज्याने केलंय त्याला कळेल. तुमचं निम्मं लक्ष फळ्यावर आणि निम्मं कुठली वही भिजतेय त्याच्यावर असतं.

सोळा वर्षांच्या मुलीने काय केलं

बार्बराची एके दिवशी सकाळी स्कूल बस चुकली. ती रस्त्यावर कोणाची गाडी मिळतेय का बघत उभी होती तर समोरून गोऱ्या मुलांच्या शाळेची बस गेली, अर्धी रिकामी. थांबली नाही, थांबणार नव्हतीच. तिने नंतर लिहून ठेवलंय की त्याच दिवशी तिच्या डोक्यात पक्कं झालं. त्याआधी तिने आपल्या संगीताच्या बाईंकडे शाळेबद्दल तक्रार केली होती, तर बाई म्हणाल्या, मग तू का नाही काही करत? आधी तिला वाटलं बाईंनी विषय झटकला. मग ती त्याच वाक्याचा विचार करत राहिली.

तिने मोजक्या मुलांना विश्वासात घेतलं, घरी कोणालाही सांगितलं नाही. २३ एप्रिल १९५१ ला मुख्याध्यापकांना फोन गेला की आपली मुलं बस स्टँडवर अडचणीत सापडलीत, या लवकर. ते गेले. इकडे प्रत्येक वर्गात चिठ्ठी गेली की सगळ्यांनी हॉलमध्ये जमा. पडदा उघडला तर स्टेजवर मुख्याध्यापक नाहीत, बार्बरा उभी. तिने शिक्षकांना बाहेर जायची विनंती केली आणि मुलांशी बोलली, आणि साडेचारशे मुलं संपावर गेली. दोन आठवडे.

मुख्याध्यापकांना बाजूला करण्यामागे नुसती युक्ती नव्हती, ते समोर असते तर संप त्यांनीच घडवला असा आरोप झाला असता. मुलांनी एवढी काळजी घेऊनही त्यांची नोकरी गेलीच.

मुलांची मागणी सुरुवातीला साधी होती, आम्हाला चांगली शाळा बांधून द्या. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी एनएएसीपी नावाची संघटना आहे, तिचे वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवूड रॉबिन्सन आले आणि त्यांनी अट घातली, वेगळी पण बरी शाळा मागणार असाल तर आम्ही नाही, वेगळेपणच जायला पाहिजे म्हणत असाल तर लढू. फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री फ्रान्सिस ग्रिफिन यांच्या चर्चमध्ये सभा झाल्या, पालक घाबरले होते, कर्ज आणि रोजगार सगळा गोऱ्यांच्या हातात, पण शेवटी हो म्हणाले. ११७ मुलांच्या वतीने खटला दाखल झाला.

बार्बराच्या जिवाला धोका नको म्हणून आईवडिलांनी तिला अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरी शहरात काकांकडे पाठवलं. हे काका व्हर्नन जॉन्स, तिथल्या चर्चचे पाद्री, आणि त्यांच्यानंतर १९५४ मध्ये त्याच चर्चमध्ये एक तरुण पाद्री आला, मार्टिन लूथर किंग.

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त बोचते. खटला सुरू असतानाच काउंटीने घाईघाईने काळ्या मुलांसाठी नवं मोटन हायस्कूल बांधलं, १९५३ मध्ये ते उघडलंही. म्हणजे पैसे उभे करता येत होते.

कोर्ट म्हणालं एकत्र शिकवा

फार्मव्हिलचा खटला आणि इतर चार खटले एकत्र करून सुप्रीम कोर्टाने १७ मे १९५४ ला निकाल दिला, तोच प्रसिद्ध ब्राउन निकाल. सरकारी शाळांतलं सेग्रिगेशन घटनेच्या विरुद्ध आहे. त्या पाच खटल्यांतल्या सगळ्या अर्जदारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश एकट्या या काउंटीतले होते.

पण कधीपर्यंत एकत्र करा ते सांगितलं नाही. १९५५ मध्ये दुसरा आदेश आला, त्यात शब्द होते की विचारपूर्वक पण लवकर करा. तारीख नसलेला आदेश म्हणजे काय ते सरकारी ऑफिसात फाईल अडकलेल्या कोणालाही विचारा. व्हर्जिनियाचे सिनेटर हॅरी बर्ड यांनी सरसकट विरोधाची हाक दिली आणि राज्याने कायदेच केले की जी शाळा काळ्या मुलाला घेईल ती बंद. १९५८ मध्ये नॉरफोक, शार्लट्सव्हिल, फ्रंट रॉयल इथल्या शाळा खरंच बंद केल्या. जानेवारी १९५९ मध्ये कोर्टांनी ते कायदे उडवले आणि तिथल्या शाळा उघडल्या.

फार्मव्हिलने वेगळा रस्ता काढला.

शाळा बंद करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

इथे अमेरिकेतली एक गोष्ट समजून घ्यायला लागेल. तिथे शाळेचा खर्च बराचसा स्थानिक घरपट्टी-जमीनपट्टीतून निघतो, आणि तो दरवर्षी काउंटीचं निवडून आलेलं सुपरवायझर बोर्ड मंजूर करतं. आपल्याकडे झेडपीची सर्वसाधारण सभा बजेट मंजूर करते तसं. मे १९५९ मध्ये कोर्टाने सांगितलं की सप्टेंबरपासून मुलांना एकत्र घ्या. जूनमध्ये बोर्डाची मीटिंग झाली आणि बोर्डाने शाळांसाठी पैसेच मंजूर केले नाहीत.

बास, एवढंच. दंगल नाही, गोळीबार नाही. एका ओळीचा खर्च लिहिला नाही. सप्टेंबर आला, काउंटीतली एकही सरकारी शाळा उघडली नाही, दारांना साखळ्या-कुलुपं आणि आत येऊ नये अशा पाट्या.

याला आपल्या मातीतलं उदाहरण द्यायचं तर असं समजा की गावची सार्वजनिक विहीर सगळ्यांना खुली करा असा हुकूम आला, तर गावकीने ती विहीरच बुजवली आणि म्हणाली आता बघा, भेदभाव कुठाय, पाणी कोणालाच नाही. आणि मग ज्यांच्याकडे पैसा आणि सत्ता होती त्यांनी आपापल्या परसात बोअर मारली, वर्गणी काढून.

ती बोअर म्हणजे प्रिन्स एडवर्ड अकॅडमी, फक्त गोऱ्यांसाठी प्रायव्हेट शाळा. तयारी आधीपासून होती. त्याच सप्टेंबरला ती चर्चच्या हॉलमध्ये आणि गावातल्या मिळेल त्या इमारतींमध्ये सुरू झाली, सरकारी शाळेतले गोरे शिक्षक तिकडे गेले. पहिल्या वर्षी देणग्यांवर चालली, नंतर फी लागली तेव्हा राज्याचं अनुदान पालकांना मिळालं आणि शाळेला देणगी दिली तर काउंटी करात सूट द्यायला लागली. म्हणजे सगळ्यांच्या करातला पैसा गोऱ्यांच्या खाजगी शाळेकडे वळला, ज्यांच्या मुलांना तिथे प्रवेशच नाही त्यांच्या करातलाही. १९६१ मध्ये कोर्टाने सरकारी शाळा बंद असेपर्यंत हे थांबवायला लावलं. पण तोपर्यंत अकॅडमी उभी राहिली होती. आणि ज्या गोऱ्या घरांना फी परवडली नाही, त्यांची मुलंही शाळेविना राहिली, ती संख्येने कमी होती पण होती.

मग सतराशे मुलांचं काय झालं?

काळी मुलं साधारण १,७०० होती. आणि इथे मला वाटतं आपण थोडं थांबून हिशोब करायला पाहिजे, कारण पाच वर्षं हा आकडा नुसता वाचून कळत नाही. १९५९ मध्ये सहा वर्षांचं असलेलं मूल, पहिलीत जाणारं, शाळा उघडल्या तेव्हा अकरा वर्षांचं होतं. बारा वर्षांचा मुलगा सतरा वर्षांचा झाला होता. तो परत बाकावर कुठे बसणार?

कोविडमध्ये आपल्या शाळा दीड वर्षाहून जास्त बंद होत्या. ऑनलाईन होतं, व्हॉट्सॲपवर अभ्यास होता, आम्ही ओट्यावर वर्ग घेतले. तरी उघडल्यावर माझ्या वर्गात तिसरीतला एक मुलगा होता, हुशार, तोंडी गणितं पटापट सांगायचा, आणि पाटीवर स्वतःचं नाव लिहायला सांगितलं तर पेन्सिल मुठीत धरून बसला. मी त्याची बोटं एकेक करून पेन्सिलीवर ठेवली होती, अजून आठवतंय, गार होती बोटं. फार्मव्हिलमध्ये १९६३ मध्ये देणग्यांवर सुरू झालेल्या तात्पुरत्या शाळांत (त्यांच्याबद्दल पुढे येईल) मुलं वर्गात आली तेव्हा शिक्षकांना मोठ्या मुलांच्या बाबतीत हेच करायला लागलं, पेन्सिल कशी धरायची इथपासून. वाचता येत नाही अशी मुलं तर कितीतरी.

मधल्या वर्षांत घरांनी जे जमेल ते केलं. चर्चच्या तळघरात आणि हॉलमध्ये केंद्रं सुरू केली, तिथे निवृत्त शिक्षिका आणि गावातल्या बायका शिकवायच्या, पण ती शाळा नव्हती, थोडं वाचन, थोडं गणित, मुलं एकत्र राहतात एवढा आधार. हायस्कूलची साठेक मुलं नॉर्थ कॅरोलायनातल्या किट्रेल कॉलेजने घेतली. क्वेकर पंथाच्या एका संस्थेने काही मुलांना दुसऱ्या राज्यांत अनोळखी कुटुंबांकडे राहायला पाठवलं. कोणाचा मुलगा मावशीकडे बाल्टिमोरला, कोणाची मुलगी आजीकडे. घरात चार मुलं असतील तर सगळ्यांना पाठवायला पैसे नाहीत, मग कोणाला पाठवायचं हे आईबापांनी ठरवायचं. मोठ्याला, कारण त्याची शेवटची दोन वर्षं राहिलीत? का धाकटीला, कारण तिला अजून अक्षरओळखही नाही? ज्यांना मागे ठेवलं त्यांना ते आयुष्यभर माहीत होतं ना.

काहींनी शेजारच्या काउंटीतला पत्ता दिला. हे आपल्याला लगेच कळेल, चांगल्या शाळेत ॲडमिशनसाठी मामाच्या घरचा पत्ता देणारे पालक आपणही बघितलेत. फरक एवढाच की तिथे पकडलं गेलं तर दुसरी शाळाच नव्हती. आणि बाकीची मुलं तंबाखूच्या शेतात कामाला लागली, त्यातली बरीच परत कधी शाळेत गेली नाहीत. कृष्णवर्णीय शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या त्यामुळे ते गाव सोडून गेले, म्हणजे ज्यांनी घरी बोलावून शिकवलं असतं तेही राहिले नाहीत.

"पण त्यांना वेगळी प्रायव्हेट शाळा देऊ केली होती की, का नाही घेतली?"

हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि आजही कोणीतरी घेतंच. खरं आहे, गोऱ्या पुढाऱ्यांनी काळ्या मुलांसाठी साऊथसाइड स्कूल्स नावाची प्रायव्हेट शाळा काढायची तयारी दाखवली होती. जवळजवळ कोणीच अर्ज केला नाही.

कारण सरळ होतं. ती शाळा घेतली असती तर खटल्याचा पायाच गेला असता, उद्या कोर्टात सांगितलं असतं की बघा दोन्ही समाज आपापल्या खाजगी शाळांत खूष आहेत. म्हणजे आठ वर्षं मागे, संपाच्या आधीसारखं, परत वेगळं. आणि सरकारी शाळेचा हक्क एकदा सोडला की खाजगी शाळा देणाऱ्याच्या मर्जीवर. तरीही हे सोपं होतं असं मी म्हणणार नाही. तत्त्वासाठी स्वतः उपाशी राहणं वेगळं आणि स्वतःच्या सात वर्षांच्या लेकराला शाळेविना ठेवणं वेगळं. त्या पालकांनी मुलांचं आज देऊन पुढच्या सगळ्यांचं उद्या घेतलं, ते बरोबर होतं असं मला वाटतं, पण हे मी आरामात घरी बसून लिहितेय याचीही जाणीव आहे.

"कोर्ट पाच वर्षं काय करत होतं?"

कायद्याचा पेच खरंच अवघड होता. घटनेत कुठे लिहिलंय की काउंटीने शाळा चालवलीच पाहिजे? बोर्डाचं म्हणणं हेच, आम्ही कोणाला वगळलं नाही, शाळाच नाही चालवत. खटला फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टातून राज्याच्या कोर्टात आणि परत असा फिरत राहिला.

२५ मे १९६४ ला सुप्रीम कोर्टाने ग्रिफिन खटल्यात उत्तर दिलं. खटल्याला नाव त्याच पाद्री ग्रिफिन यांच्या घरचं. कोर्ट म्हणालं की राज्यातल्या बाकी सगळ्या काउंट्यांत सरकारी शाळा चालू आहेत, फक्त इथेच बंद आहेत आणि त्याही केवळ काळी-गोरी मुलं एका वर्गात बसू नयेत म्हणून, तर मग या मुलांना कायद्याचं समान संरक्षण मिळालं नाही. गरज पडली तर बोर्डाला कर लावून शाळा उघडायचा आदेश देता येईल, असंही सांगितलं. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी स्पष्ट लिहिलं की विचारपूर्वक लवकरची वेळ आता संपली.

त्याआधी दोन गोष्टी घडल्या होत्या. किंग १९५९ मध्ये भारतात येऊन गेले होते, मुंबईत मणिभवनात राहिले होते, आणि इथल्या सत्याग्रहाबद्दल ते तिकडे भरपूर बोलायचे. १९६२ मध्ये ते फार्मव्हिललाही आले. आणि १९६३ च्या उन्हाळ्यात गावातल्या मुलांनीच मेन स्ट्रीटवर निदर्शनं केली, दुकानांसमोर पाट्या घेऊन उभी राहिली, गोऱ्यांच्या चर्चमध्ये प्रार्थनेला गेली, तिथे आत घेतलं नाही तेव्हा पायऱ्यांवर गाणी म्हणत बसली आणि त्यासाठी वीसेक जणांना अटक झाली. ही चार वर्षं शाळा न पाहिलेली मुलं होती. केनेडी सरकारला हे टाळता येईना, त्यामुळे देणग्या गोळा करून सप्टेंबर १९६३ मध्ये एका वर्षासाठी फ्री स्कूल्स सुरू झाल्या, नील सलिव्हन नावाचे न्यूयॉर्ककडचे शिक्षणाधिकारी त्यासाठी गावात येऊन राहिले. दीड हजारांच्या आसपास मुलं आली. त्यात गोरी मुलं मोजून बोटांवर.

"गावातले सगळे गोरे असेच होते का?"

नाही. गावातल्या लाँगवूड कॉलेजचे डीन गॉर्डन मॉस उघडपणे शाळाबंदीच्या विरोधात बोलले आणि फ्री स्कूल सुरू झाली तेव्हा स्वतःच्या मुलाला तिथे घातलं. गावाने त्यांना वाळीत टाकल्यासारखं वागवलं. पण बाकीच्यांचं काय? त्यांच्यातले बहुतेक काही वाईट बोललेच नसतील. त्यांनी आपल्या मुलाची फी भरली, डबा दिला, आणि कुलूप लावलेल्या शाळेवरून गाडी नेली. छोट्या गावात हे जास्त भयंकर आहे, कारण ज्या बाईने आयुष्यभर तुमच्याकडे स्वयंपाक केला तिच्या नातवाला वाचता येत नाही हे तुम्हाला माहीत असतं, नावानिशी.

"आजच्या स्कूल व्हाउचरशी याचा संबंध आहे का?"

व्हाउचर म्हणजे सरकारने शाळेऐवजी पालकाला पैसे द्यायचे, त्याने पाहिजे ती शाळा निवडायची. टेक्सासने २०२५ मध्ये अशी मोठी योजना आणली, त्यामुळे वाद परत तापलाय. प्रत्येक व्हाउचर म्हणजे फार्मव्हिल असं म्हणणं चूक, आज त्याच्या बाजूने अनेक कृष्णवर्णीय पालकही आहेत, आणि १९७६ पासून खाजगी शाळेलाही वर्णावरून प्रवेश नाकारता येत नाही. पण दक्षिणेतली म्हातारी माणसं हा शब्द ऐकून का सावध होतात ते मात्र आता कळेल. त्यांच्या आठवणीत पालकाच्या हातात दिलेलं अनुदान आणि शाळेच्या दाराला साखळी या दोन्ही गोष्टी एकत्रच आल्या होत्या.

शाळा उघडल्यानंतर

सप्टेंबर १९६४ मध्ये सरकारी शाळा उघडल्या. जवळजवळ सगळी मुलं काळी, गोरी मुलं अकॅडमीतच राहिली. अकॅडमीने काळ्या मुलांना प्रवेश दिला तो १९८० च्या दशकात, करसवलत हातची गेल्यानंतर.

बार्बरा पुढे फिलाडेल्फियात शाळेची ग्रंथपाल झाली, १९९१ मध्ये वारली. तिने संप केलेली मोटन शाळेची जुनी इमारत आता म्युझियम आहे.

२००३ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने शाळाबंदीबद्दल तीव्र खेद व्यक्त केला, आणि त्याच वर्षी फार्मव्हिलमध्ये त्या काळात शाळा हुकलेल्यांना हायस्कूलची मानद सर्टिफिकेटं दिली. २००४ मध्ये राज्याने त्यांच्यासाठी स्कॉलरशिप सुरू केली, शाळा पूर्ण करण्यापासून कॉलेजपर्यंत कशासाठीही चालेल अशी. काहींनी ती घेतली आणि परत वह्या-पुस्तकं घेऊन वर्गात जाऊन बसले. १९५९ मध्ये ज्याची पहिली हुकली होती, तो तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होता.